छातीत दुखायला लागलं तर आधी कुठे जायचं? हार्ट अटॅकच्या तातडीच्या उपचारात काय बदललं



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना हृदयाची माहिती देतो. मुठीएवढा अवयव, छातीत किंचित डावीकडे, मोठ्या माणसात मिनिटाला साधारण ७२ ठोके. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. पण रात्री दोन वाजता घरात आजोबांच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला, तर पहिलं काम कोणतं करायचं? मुलांचं राहू द्या, आपल्यापैकी किती मोठ्या माणसांना हे नीट सांगता येईल?

आपलं दुधनी म्हणजे महाराष्ट्राच्या अगदी टोकाचं गाव. अक्कलकोट तीसेक किलोमीटर, सोलापूर सत्तरच्या आसपास, आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटकातलं कलबुर्गी. त्यामुळे कुणाला अटॅक आला की घरात पहिला वाद होतो तो कुठे न्यायचं याचा. बहुतेक वेळा ठरतं, "इथं काय होणार? गाडी काढा, थेट सोलापूर गाठा." पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे बरोबर असेलही. पण मधल्या काळात हार्ट अटॅकचे उपचार खूप बदललेत. मोठ्या शहरातल्या उपचाराचा पहिला भाग आता तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत येऊ शकतो. हा बदल कसा झाला आणि आपण त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे आज समजून घेऊया.

(मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. ही माहिती जागरूकतेसाठी आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच.)

अटॅक म्हणजे नेमकं काय होतं?

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं. पण हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागतंच. ते त्याला स्वतःच्या वेगळ्या धमन्यांमधून मिळतं. या धमन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद पडते. पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. यालाच हार्ट अटॅक म्हणतात.

मुलांना सांगताना शेतातल्या ठिबकचं उदाहरण घ्या. नळी मध्येच चोंदली तर पुढच्या रोपांना पाणी मिळत नाही. रोपं लगेच मरत नाहीत, आधी माना टाकतात. वेळेत नळी मोकळी केली तर पुन्हा उभी राहतात. उशीर झाला तर मग कितीही पाणी सोडा, वाळलेलं रोप हिरवं होत नाही. हृदयाच्या स्नायूचं तसंच आहे, फक्त इथे वेळ फार कमी असतो. रक्त बंद झाल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत मोठा भाग कायमचा निकामी होतो. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. हार्ट अटॅकमध्ये नळी चोंदलेली असते, पण मोटार चालू असते, म्हणजे माणूस बोलतो, चालतोही. कार्डिॲक अरेस्टमध्ये मोटारच बंद पडते. माणूस कोसळतो, शुद्ध जाते, श्वास थांबतो. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण दोन्हींत करायचं काम वेगळं आहे. ते पुढे बघू.

पूर्वी उपचार म्हणजे अंथरूण

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अटॅकवर मुख्य उपचार होता विश्रांती. रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवत. वेदना कमी करायला मॉर्फिन, ऑक्सिजन, आणि पुढे नशीब. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला, तेव्हा सुरुवातीला बाहेर सांगितलं गेलं की अपचन झालंय. इसीजी काढून रुग्णालयात नेईपर्यंत दुपार झाली होती. दुखणं सुरू झालं होतं मध्यरात्रीनंतर! जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या बाबतीत असं झालं, तर आपल्याकडे "गॅस झालाय" म्हणतात यात नवल नाही.

१९६० च्या दशकात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतल्या कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिलं की बंद पडलेलं हृदय छाती न उघडता, बाहेरून दोन हातांनी दाबून काही काळ चालवता येतं. हेच आजचं सीपीआर. त्याच दशकात मोठ्या रुग्णालयांत हृदयरुग्णांसाठी खास कक्ष सुरू झाले. तिथे ठोक्यांवर सतत लक्ष असायचं आणि ठोके बिघडले की विजेचा झटका देऊन ते सुरळीत करता यायचे.

पण बरेच रुग्ण त्या कक्षापर्यंत पोहोचायच्या आधीच दगावत होते. आयर्लंड बेटावरच्या बेलफास्ट शहरातले डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये उलटा विचार केला. रुग्ण कक्षापर्यंत येत नसेल, तर कक्षच रुग्णाच्या दारात नेऊ. त्यांनी रुग्णवाहिकेत विजेचा झटका देणारं यंत्र बसवलं. ते गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि वजन होतं साधारण ७० किलो! आज तेच काम करणारं यंत्र आपल्या दप्तरात मावेल एवढं असतं. आपल्या १०८ च्या गाडीमागचा मूळ विचार हाच.

गुठळी विरघळवता येते

स्ट्रेप्टोकायनेज हा गुठळी विरघळवणारा पदार्थ १९३३ मध्येच सापडला होता. घसादुखी करणाऱ्या जंतूंच्या जातकुळीतले स्ट्रेप्टोकोकस जंतू तो तयार करतात. मग हृदयासाठी तो वापरायला इतकी वर्षं का लागली? कारण अटॅक गुठळीमुळे येतो की गुठळी नंतर होते, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. १९८० मध्ये अमेरिकेतले डॉ. डीवूड यांनी अटॅक आलेल्या रुग्णांच्या धमन्यांचे फोटो काढले. दुखणं सुरू झाल्यावर चार तासांच्या आत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद होती. वाद मिटला. शत्रू कोण ते कळलं.

मग १९८६ मध्ये इटलीत ११ हजारांहून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला. स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्या रुग्णांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पण खरी शिकवण पुढेच होती. पहिल्या तासात इंजेक्शन मिळालेल्यांचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले आणि सहा तासांनंतर दिलेल्यांना फारसा फायदा दिसला नाही. औषध तेच, माणसं तशीच, फरक फक्त वेळेचा.

दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, १७,१८७ रुग्णांवरच्या दुसऱ्या अभ्यासात ॲस्पिरिनची ताकद कळली. काही पैशांची ही साधी गोळी आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले.

स्ट्रेप्टोकायनेज सलाईनमधून साधारण तासभर द्यावं लागतं. त्यानंतर टेनेक्टेप्लेज हे औषध आलं. ते वजनानुसार मोजून एकाच वेळी, काही सेकंदांत शिरेतून देता येतं. म्हणजे छोट्या दवाखान्यातही देता येण्यासारखं. आपल्या पुण्यातली जेनोव्हा ही कंपनीही हे औषध बनवते.

फुगा आणि स्टेंट

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये डॉ. अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा जिवंत माणसाच्या हृदयाची धमनी बारीक फुग्याने आतून रुंद केली. हा फुगा त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून, पुन्हा पुन्हा करून बघत तयार केला होता. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली. पुढे धमनी पुन्हा बंद होऊ नये म्हणून जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट बसवायला लागले. आता बहुतेक वेळा मांडीऐवजी मनगटातून नळी घालून हे काम होतं.

इंजेक्शन चांगलं की अँजिओप्लास्टी? २००३ मध्ये २३ अभ्यास एकत्र करून उत्तर निघालं की वेळेत होत असेल तर अँजिओप्लास्टी जास्त चांगली. यातले 'वेळेत होत असेल तर' हे शब्द अधोरेखित करा. त्यासाठी कॅथलॅब लागते, तज्ज्ञ लागतात, रात्री-अपरात्री सगळे हजर असावे लागतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की इसीजीवरून निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच करा. तेवढ्या वेळात होणार नसेल आणि इंजेक्शन द्यायला काही अडचण नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्या आणि मग मोठ्या रुग्णालयात पाठवा.

म्हणजे दुधनीसारख्या गावाला काय?

आता आपला हिशोब मांडू. गाडी मिळवायला वेळ, रस्त्याचा वेळ, सोलापुरात पोहोचून कागदपत्रं आणि तयारीचा वेळ. दोन तास सहज निघून जातात. अशा लांबच्या रुग्णांसाठीच 'आधी इंजेक्शन, मग अँजिओप्लास्टी' हा मार्ग तपासला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रीम नावाच्या अभ्यासात १,८९२ रुग्ण होते. सगळे दुखणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ न शकणारे. आधी टेनेक्टेप्लेज मिळालेल्यांचा निकाल थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या तोडीचा लागला. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र इंजेक्शनने थोडा वाढला, म्हणून वयस्कर रुग्णांना डोस निम्मा केला गेला.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट विसरू नका. इंजेक्शन दिलेल्यांपैकी साधारण ३६ टक्के रुग्णांची तरीही तातडीने अँजिओग्राफी करावी लागली. म्हणून इंजेक्शनने बरं वाटलं की घरी जायचं नसतं. ज्यांना बरं वाटतं त्यांचीही अँजिओग्राफी पुढच्या २ ते २४ तासांत करायची असते. इंजेक्शन हा प्रवासाचा पहिला टप्पा आहे, शेवटचा नाही.

आपल्या देशातही हे करून पाहिलंय. तमिळनाडूत मोठी रुग्णालयं आणि आजूबाजूचे छोटे दवाखाने एकमेकांना जोडले. छोट्या ठिकाणी इसीजी काढायचा, तो लगेच तज्ज्ञांना पाठवायचा, उपचार सुरू करायचे आणि रुग्णाला पुढे न्यायचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २,४२० रुग्ण होते. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही, नुसती साखळी नीट जोडली. आपल्या महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्पात याच पद्धतीने काही जिल्ह्यांतली सरकारी रुग्णालयं जोडली. स्टेमी म्हणजे धमनी पूर्ण बंद पडल्याची खूण इसीजीत दिसणारा अटॅक. अटॅकचे इतर प्रकारही आहेत आणि त्यात हे इंजेक्शन देत नाहीत. म्हणून इसीजीशिवाय पुढचं काहीच ठरत नाही.

सीमेपलीकडे बघा. अभिनेते पुनीत राजकुमार, आपल्या भागातल्या पोरांचा लाडका अप्पू, २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अटॅकने गेले. वय फक्त ४६. कर्नाटक सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांच्या नावाने 'हृदय ज्योती' योजना सुरू केली. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात इसीजी, तो तज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय आणि गरज असेल तर टेनेक्टेप्लेज मोफत. बाजारात या एका इंजेक्शनला तीस हजार किंवा त्याहून जास्त रुपये पडतात. कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेचं रुग्णालयही आहे.

आपल्या बाजूला १०८ सेवा २०१४ पासून आहे. सुरुवातच ९३७ रुग्णवाहिकांनी झाली, त्यातल्या २३३ अतिगंभीर रुग्णांसाठी सुसज्ज. या गाडीत डॉक्टर असतो. आता पैशांचं. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. तिच्यात अँजिओप्लास्टी बसते आणि मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या वर जाणारा औषधी स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. पुढे तो आकडा बदलत गेला, पण मर्यादा कायम आहे.

मग उशीर होतो कुठे?

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या पाहणीत भारतातल्या ५० शहरांतले २०,४६८ रुग्ण होते. स्टेमी झालेल्या रुग्णांना दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला लागलेला मधला वेळ होता ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. रुग्णालयात आल्यावर इंजेक्शन मिळायला लागलेला वेळ होता ५० मिनिटं. म्हणजे सगळ्यात जास्त वेळ घरात आणि वाटेत जातो.

घरात काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. काल शेंगाचटणी जास्त खाल्ली म्हणून जळजळतंय. सोडा घे, ओवा चाव. सकाळपर्यंत बघू. एवढ्या रात्री कुणाला उठवायचं? बायका तर "मला काही होत नाही" म्हणत भाकऱ्या थापत राहतात. त्यातून बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेहाचे रुग्ण यांना छातीत फारसं न दुखताही अटॅक येऊ शकतो. नुसती धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, कारण नसताना गळून जाणं, एवढंच दिसतं.

घरी काय करायचं?

१. छातीत दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, मानेत, जबड्यात जाणं, घाम, धाप. हे काही मिनिटांत थांबलं नाही तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

२. फोनवर गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य, चारही सांगा. आपण सीमेवर आहोत, मोबाईलला कधी पलीकडचा टॉवर लागतो आणि १०८ नंबर दोन्ही राज्यांत आहे.

३. रुग्णाला चालवू नका, जिना चढायला लावू नका, स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ देऊ नका. आरामात टेकून बसवा.

४. ॲस्पिरिनबद्दल फोनवरच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी सांगितलं तर ती चावून खायची असते. ॲलर्जी, अल्सर, रक्तस्राव किंवा लकव्याची लक्षणं असतील तर ते आधी सांगा. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट आणून जिभेखाली ठेवू नका, तिने रक्तदाब अचानक खाली येऊ शकतो.

५. जवळ जिथे इसीजी निघतो तिथे आधी थांबा. इसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. तो काढल्याशिवाय, बघितल्याशिवाय सत्तर किलोमीटरचा प्रवास सुरू करू नका. डॉक्टरांना विचारा, "इंजेक्शन इथेच देता येईल का? पुढे कुठे पाठवताय, तिथे कळवलंय का?"

६. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर तो अरेस्ट. कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून जोरात, वेगात दाबा. मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटीमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत थांबू नका.

आणि हे सगळं आजच करून ठेवण्यासारखं: आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री इसीजी निघतो, तिथे गुठळीचं इंजेक्शन आहे का, सोलापूर-कलबुर्गीतल्या कोणत्या रुग्णालयात कोणती योजना चालते, हे चौकशी करून एका कागदावर लिहा. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांची यादी, झालेली ऑपरेशनं, जुना इसीजी, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, सगळं एका पिशवीत. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर नेमकं हेच विचारतात, कारण अलीकडे ऑपरेशन किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्याला ते देता येत नाही.

शाळेत काय करता येईल?

- नाडी मोजणे: बसून एक मिनिट, मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा एक मिनिट. मुलं स्वतः तक्ता करतात. गणित आणि विज्ञान एकत्र.
- १०८ चा खेळ: एक मूल फोन करणारं, एक घेणारं. पत्ता सांगताना शाळा, देऊळ, पाण्याची टाकी अशी खूण सांगायला शिकवा. कन्नड बोलणाऱ्या मुलांनी दोन्ही भाषांत करून दाखवावं.
- टाळ्यांचा वेग: मिनिटाला ११० टाळ्या सगळ्यांनी मिळून. पुढे उशीवर हात ठेवून त्याच तालात दाबायचं. लहान मुलांची ताकद पुरत नाही, पण ताल डोक्यात बसतो आणि मोठ्यांना सांगता येतं.
- पालक सभेत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलवून प्रत्यक्ष सीपीआर दाखवायला सांगा. अर्धा तास पुरतो.
- गृहपाठ: वर सांगितलेला कागद घरच्यांच्या मदतीने भरून दाराच्या मागे चिकटवणे.

शंभर वर्षांत अंथरुणापासून स्टेंटपर्यंत एवढा पल्ला डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी गाठला. पण घरापासून पहिल्या इसीजीपर्यंतचा रस्ता आपल्यालाच पार करायचा आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, मोठं शिक्षण लागत नाही. "सकाळी बघू" हे दोन शब्द तेवढे घरातून काढून टाकायचे आहेत.

तुमच्या गावात रात्री इसीजीची सोय कुठे आहे, याची चौकशी या आठवड्यात जरूर करा आणि वर्गातल्या मुलांनाही सांगा. लेख उपयोगी वाटला तर पालकांच्या ग्रुपवर पाठवा.